खंडागळे वकील आणि माझी माडी

खंडागळे वकिलांनी माझं काम केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले तर कोणी म्हणायला नको, की जाधवशेठला खासदारानं काहीतरी दिलं असणार. काही दिलं नाही. उलट माझी दोन वाक्यं नेली आणि लोकसभेत वापरली. तीही दुसऱ्याच्या कामासाठी.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. शहरात शोकसभा झाली. एकानं त्यांना दूरदृष्टीचे नेते केलं, दुसऱ्यानं गोरगरिबांचे कैवारी केलं. मी शेवटच्या खुर्चीवर बसून चडफडत होतो. अर्धा तास झाला तरी माणूस काही भाषणात येईना. बाहेर पडताना ठरवलं, आपण लिहावं. मला लिहायची सवय नाही. भांडायची आहे, आणि त्यांच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी दौलताबादचा. किल्ल्याच्या दारात टोपलीत पेरू आणि सीताफळं विकत मोठा झालो. टोपलीची हातगाडी झाली, हातगाडीची टपरी, टपरीची खानावळ. डोक्यावर कोणाचा हात नव्हता. गिऱ्हाईक कोणत्या भावाला वळेल हे त्याच्या चपलेवरून ओळखायचं, एवढ्या एका विद्येवर मी उभा राहिलो.

टोपलीच्या काळातच मी वकिलांना पहिल्यांदा पाहिलं. रविवारी स्कूटरवर बायकोला घेऊन आले होते. बुटका माणूस, जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पेरूचा भाव विचारला. मी रिवाजाप्रमाणं दुप्पट सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पेरू निवडायला बसले.

"अहो, भाव करा की!" मी म्हणालो.

"सांगितलात तो ठीक आहे."

"ठीक कसा? मी जास्त सांगितलाय."

"दिवसभर कोर्टात घासाघीसच करतो हो. पेरू तरी सुखानं खाऊ द्या."

माझं डोकंच फिरलं. भाव न करता घेणारा माणूस मला अपमान केल्यासारखा वाटतो. शेवटी मीच माझ्या मालाचा भाव पाडला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पुढं ते खासदार झाले. कसे झाले, कोणत्या पक्षाचे झाले, ते ज्यांना आवडतं त्यांनी लिहावं. मला एवढंच ठाऊक, की पडेगावच्या रस्त्याला त्यांचं जे घर होतं तेच राहिलं. आई बांधकामावर विटा वाहायची. त्या बाईनं शेवटच्या दिवसांत स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं दोन खोल्यांचं घर, बाहेर पत्र्याचा ओटा, बैठकीत बुद्धाची तसबीर. खासदारकीची पाटी लावायला कोणी आलं, तर म्हणाले, "वकिलाची आहे की. पत्ता सापडतोय लोकांना." काळा कोट मात्र खुंटीवर तसाच टांगलेला असायचा. एकदा विचारलं, तर म्हणाले, "खासदारकी पाच वर्षांची असते. कोट अजून फाटला नाही."

त्यांचा एक शब्द होता: "बरं, मग?" स्तुती केली की बरं, मग? शिवी दिली की बरं, मग? एका पुढाऱ्यानं त्यांच्या ओट्यावर उभं राहून तासभर स्वतःचं कर्तृत्व सांगितलं. तो दमून थांबला तेव्हा हे म्हणाले, "बरं, मग?" तो पुढारी पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही.

लोकसभा चालू असली की आठवडाभर दिल्ली, आणि शनिवारी सकाळी पत्र्याच्या ओट्यावर लोक. शाळेतले जुने दोन बाक होते. आणि तिथं त्यांचा तो विचित्र नियम होता. आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचं नाही. शेजारी बसलेल्याला सांगायचं, आणि आपला नंबर आला की त्यानं ते सांगायचं. मग त्याचं आपण सांगायचं.

नवा माणूस चक्रावून जायचा. वकील समजावत, "तीस वर्षं वकिली केली. अशील स्वतःची बाजू कधीच नीट सांगत नाही. आजोबापासून सुरू करतो. पण त्याच्यासोबत आलेला माणूस दोन वाक्यांत केस सांगतो. म्हणून मी नेहमी त्यालाच विचारायचो."

त्या नियमाची गंमत मी पाहिली आहे. पेन्शन अडकलेला म्हातारा आणि शिष्यवृत्ती अडकलेली कॉलेजातली पोरगी, दोघं एका बाकावर. म्हातारा तिचं सांगताना रडला आणि पोरगी त्याचं सांगताना खासदारावर ओरडली. एकदा फर्दापूरहून लेण्यांपाशी दगड विकणारा माणूस आला. कोणीतरी म्हणालं, "अहो, तुमचा मतदारसंघ दुसरा. इथं कशाला आलात?" वकील आतून म्हणाले, "बसू द्या त्याला. लेणी त्याची असू देत नाहीतर किल्ला आपला असू दे, कायदा दिल्लीत एकच आहे."

तोच कायदा माझ्या मुळावर आला होता. जुन्या स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. मला खानावळीवर माडी पाहिजे होती. वर सहा टेबलं टाकायची, किल्ल्याच्या बाजूला मोठी खिडकी ठेवायची, आणि चांद मिनार बघत बघत गिऱ्हाइकानं जेवायचं. नुसतं डोळ्यांपुढं आणलं तरी मला गल्ल्याचा आवाज ऐकू यायचा. परवानगीचे अर्ज मात्र जायचे तसे परत यायचे. म्हणून एका शनिवारी मी कडक इस्त्रीचा सदरा घालून पडेगावला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं.

ओट्यावर बाकाच्या टोकाला आमच्याच गावची हमीदाबी बसली होती. तिचं घर किल्ल्याच्या तटाला लागून. तिच्या बकऱ्या माझ्या दारातल्या कुंड्या खायच्या, त्यावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मी दुसऱ्या बाकाकडं वळलो. तेवढ्यात वकील दारात आले.

"एकाच गावचे दिसता. बसा जवळ. सांगा एकमेकांना."

"साहेब, आमचं बोलणं नाही."

"बरं, मग?"

"हिच्या बकऱ्या..."

"बकऱ्या आज आलेल्या नाहीत. बोला."

हमीदाबी पदर सावरत पुटपुटली, "बोलो शेठ. मेरेकू बी शौक नै तुमसे बात करनेका."

तिनं तिचं सांगितलं. घर तिच्या आजेसासऱ्याच्या वेळचं. घरात संडास नाही. बांधायला काढला, दोन फूट भिंत उठली आणि नोटीस आली. अर्ज करून तीन उन्हाळे गेले. सून पोटुशी होती आणि अंधार असेपर्यंत ओढ्याकडं जाऊन यायची. मी माझं सांगितलं. माडी, खिडकी, मिनार. ती ऐकताना एकदाही हूं म्हणाली नाही.

नंबर आला तेव्हा आधी मी घुसलो. आता इथं माझी चूक झाली. मी ठरवलं होतं, हिचं दोन शब्दांत उरकायचं, म्हणजे साहेबांचं डोकं माझ्या कामाला ताजं राहील. पण सौदा कोणाचाही असो, एकदा तोंड उघडलं की मला हरता येत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "ह्या किल्ल्यावर किती फौजा चालून आल्या ते गाईड लोक रोज ओरडून सांगतात. हत्ती आले, तोफा आल्या. तट काही पडला नाही. आणि आता सरकार म्हणतं, हमीदाबीच्या संडासानं किल्ल्याला धोका हाय!"

ओट्यावर हशा झाला. हशा झाला की मी आणखी चढतो.

"आणि किल्ला बघायला येणाऱ्यांसाठी दारातच संडास बांधलाय, तो किती मीटरवर हाय ते मोजलं का कुणी? तिकीट काढून आलेल्याला चालतं, अन् तिथंच जन्मलेल्याला चालत नाय?"

या वेळी कोणी हसलं नाही. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "परत सांगा," म्हणाले. मी परत सांगितलं. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मला वाटलं, गडी खूष झाला. आता माझी माडी कुठं जाते!

"आता तुम्ही सांगा हमीदाबी. जाधवशेठचं काय काम आहे?"

हमीदाबी उभी राहिली. "शेठकू दुकानपो माडी होना," ती म्हणाली. "जरूरत नै. शौक है."

"हमीदाबी!" मी ओरडलो.

"सच्ची बात बोलना बोले ना साब?"

वकील हसले नाहीत. लिहिता लिहिता म्हणाले, "शौक वाईट नसतो. पण रांगेत तो गरजेच्या मागं उभा राहतो."

पुढच्या अधिवेशनात खानावळीतल्या टीव्हीवर मी त्यांना बोलताना पाहिलं. दुपारची वेळ, हातात भाकरीची दुरडी. वकील मराठीतच बोलत होते, कारण त्यांची हिंदी आमच्यासारखीच, दिल्लीला न कळणारी. देशभरातल्या किल्ल्यांच्या, मंदिरांच्या, मकबऱ्यांच्या पायथ्याशी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, असं सुरू करून ते थांबले आणि म्हणाले, "आमच्या गावचे एक शेठ विचारतात..." आणि मग माझी फौज, माझे हत्ती, माझं तिकीट. सगळं जसंच्या तसं.

"शेठ, हे तुमीच की!" आचारी ओरडला.

"व्हय. पण नाव कुठं घेतलं?" मी म्हणालो आणि दुरडी आपटली.

मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं, की जुन्या राहत्या घरातला संडास दुरुस्तीत धरता येईल. त्या उत्तराचा कागद धरून वकिलांनी परवानगीच्या ऑफिसाला पत्रामागून पत्र लिहिलं. हमीदाबीच्या घराला परवानगी आली, तिच्याबरोबर गावातल्या आणखी पाच-सात घरांना आली. सुनेचं बाळंतपण संडास बांधून झाल्यावर झालं. ईदेला हमीदाबीनं शीरखुर्मा पाठवला. बकऱ्या येतच राहिल्या.

मी तडक पडेगाव गाठलं. बाकावर बसलो नाही, शेजाऱ्याला सांगितलं नाही, सरळ आत गेलो आणि जे सुचेल ते बोललो. माझ्या जिभेवर दुसऱ्याचं काम होतं आणि माझं तसंच राहतं, हा कोणता न्याय? वहिनी चहा ठेवून गेल्या. वकिलांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "उद्या येतो. मोजू."

आणि खरंच आले. एका कंत्राटदाराकडून लांब फीत मागून आणली होती. खासदारानं स्वतः हद्दीच्या दगडापाशी उकिडवं बसून फितीचं टोक धरलं, मी दुसरं टोक घेऊन चाललो. खानावळीची मागची भिंत भरली चौऱ्याण्णव मीटर.

मला हायसं वाटलं. सहा मीटर म्हणजे काय? मी म्हणालो, "साहेब, चौऱ्याण्णव आणि शंभर. तुमचं नाही, माझं नाही. मधे घ्या. सत्त्याण्णव धरा आणि मिटवा."

ते हसू लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले एवढे हसले. मग भिंतीच्या मागं बोट दाखवून म्हणाले, "ती जागा कोणाची?"

"माझीच. म्हशींचा गोठा आहे."

"तो शंभराच्या पलीकडं जातोय. तिथं परवानगी मागता येते. वेळ लागेल, पण मिळते. माडी तिथं बांधा."

"तिथून मिनार दिसत नाही!"

"बरं, मग?"

मी आठ दिवस त्यांचं नाव काढलं नाही.

पण हट्ट सोडणाऱ्यातला मी नाही. त्यांनी लोकसभेत स्वतःचं विधेयक मांडल्याचं कळलं. देशभर सगळीकडं सरसकट शंभर मीटर न धरता प्रत्येक स्मारकाची पाहणी करून हद्द ठरवावी, असं काहीतरी. मला वाटलं, आपल्या माडीची सोय चालली आहे. सीताफळांची पेटी घेतली आणि दिल्लीच्या गाडीत बसलो.

रात्रीच्या जेवणानंतर सरकारी बंगल्याच्या स्वयंपाकघरात ते चमच्यानं सीताफळ खात होते. "तुम्हाला वाटतं भाव तुम्हीच करता," म्हणाले. "आज सकाळपासून समितीत बसलोय. दुरुस्ती कशाला म्हणायचं? छप्पर बदललं तर दुरुस्ती, उंच केलं तर बांधकाम. आणि वासे कुजले म्हणून नवे टाकताना वीतभर उंच झालं तर? त्या वितेवर चार तास गेले."

माझे कान टवकारले. "मिळाली का वीत?"

"चार बोटं मिळाली."

"पहिल्या दिवशी चार बोटं वाईट नाही," मी म्हणालो. हे मी मनापासून म्हणालो. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस माझ्याच धंद्यातला आहे. फक्त माल त्याचा नसतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. खासदारांची स्वतःची विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात, आणि तेव्हा बहुतेक खासदार विमानतळाच्या रस्त्याला असतात. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. खाली मोजकी डोकी, त्यातलीही दोन पेंगत होती. वकील उभे राहिले आणि भरल्या सभेत बोलावं तसे बोलले. कुठल्या राज्यात तलावाभोवती कोळी राहतात, कुठं देवळाच्या आवारात विणकर राहतात, सगळ्यांची घरं. रिकाम्या बाकांकडं वळून वळून सांगत होते. मी रिकाम्या बाजारात कधी ओरडलो नाही. घसा दुखतो आणि फायदा नसतो. मला खाली उतरून त्या पेंगणाऱ्यांना हलवावंसं वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी मुद्द्यावर आलो. "हा कायदा झाला की माझी माडी होणार?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायच्या आधी माणूस करतो तसला नव्हे. "पाहणी झाली तर तुमची खानावळ बहुधा हद्दीतच राहील. रस्त्यानं किल्ल्याकडं येणाऱ्याला मिनार पहिल्यांदा दिसतो तो तुमच्या छपरावरून. माडी झाली तर तो झाकेल."

"म्हणजे तुमचाच कायदा झाला तरी माझी माडी नाही?"

"बहुधा नाही."

"मग मी इथवर सीताफळं कशाला आणली?"

"गोड होती," ते म्हणाले.

ते विधेयक मताला आलंच नाही. लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. आणि पुढच्या निवडणुकीत वकील पडले. त्यानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम गेलो. ओट्यावर चारच माणसं होती आणि नियम तोच होता. काळा कोट खुंटीवर नव्हता, अंगात होता.

मधल्या काळात गावात आडोसे लावून दोन-तीन माड्या उठल्या. एकानं माझ्याही कानाला लागून सांगितलं, "शेठ, बांधा बिनधास्त. वरती आपण बघून घेऊ." मी विटांचा ट्रक उतरवून घेतला. आणि विटा दारात पडल्यावर, का कोण जाणे, पडेगावला गेलो. खरं तर टोमणा मारायला गेलो.

"तुम्हाला पाच वर्षांत जमलं नाही, ते लोकांनी पाच मिनिटांत केलं," मी म्हणालो.

"बांधा," ते म्हणाले. "पाडायची नोटीस आली की माझ्याकडं या. वकीलपत्र घेतो. केस हरेन, पण नीट लढेन." मग कागद पुढं ओढून म्हणाले, "नाहीतर गोठ्याच्या जागेचा अर्ज आत्ता लिहितो."

तोंडात शिवीच आली होती. ती गिळली आणि म्हणालो, "लिहा."

ऑफिसात ते माझ्यासोबत आले. तिथला अधिकारी तरुण, त्यांना ओळखत नव्हता. त्यांनीही ओळख सांगितली नाही. दोन तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"यांचं मी सांगतो," ते म्हणाले. "साहेब, यांना लपून बांधता आलं असतं. विटा दारात पडून आहेत. बांधलं नाही, विचारायला आले. विचारायला येणाऱ्यालाच तुम्ही सगळ्यात जास्त थांबवलंत, तर उद्या विचारायला कोणी येणार नाही."

एवढंच. स्वतःबद्दल असलं काही मी कधी बोललो नसतो. धंद्यात ते कच्चेपणाचं लक्षण समजतात. पण ऐकताना मान ताठ झाली हे खरं.

परवानगी आली. म्हशी हलल्या आणि गोठ्याच्या जागी खाली कोठार, वर माडी झाली. खिडकीतून मिनार दिसत नाही. गाव दिसतं, पत्रे दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, लांबवर सीताफळांचा डोंगर दिसतो. म्हणून म्हणतो, माझं काम वकिलांनी केलं नाही. मला पाहिजे होती ती माडी ही नव्हे.

माडी झाल्यावर ते एकदा आले. एकटेच, बसनं. बरेच वाळले होते, पण जेवले नीट. वर दुसरं कोणी नव्हतं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कांदा. खिडकीशी बसून बराच वेळ बाहेर बघत होते. मी खाली गल्ल्यावर आलो. थोड्या वेळानं पाणी द्यायला वर गेलो, तर भिंतीला टेकून झोपी गेलेले. चष्मा ताटाशेजारी, हात मांडीवर, तोंड जरासं उघडं. इतक्या वर्षांत त्यांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. झोपलेलं तर नाहीच.

तेवढ्यात खाली गाडी थांबली. किल्ला उतरून आलेलं आठ-दहा माणसांचं कुटुंब, भुकेलेलं. त्यातल्या मोठ्या माणसानं वर पाहिलं. "वर हवेशीर दिसतंय. आम्ही वरच बसतो."

"वर भरलंय," मी म्हणालो. "खाली बसा."

आचाऱ्यानं माझ्याकडं डोळे फाडून पाहिलं. मी त्याला डोळ्यांनीच दाबलं. खाली जागा पुरत नव्हती. ते लोक कुरकुरत गाडीत बसले आणि निघून गेले. मग आणखी एक गाडी आली, तिलाही तेच सांगितलं. ऊन कलेपर्यंत मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होतो आणि कोणाला वर जाऊ दिलं नाही.